बाराच्या आतली गाडी

तुरीच्या शेंगांनी लंकेची किनार झाली. आत आणखी शेंगा टोकाला टोक लावून मांडल्या, त्या रेल्वेच्या लाइनी झाल्या. सोललेले दाणे स्टेशनं झाले. मनीषनगरातल्या त्या हॉलमध्ये पौषाच्या उन्हाचा एक चौकोन फरशीवर उतरला होता. त्यात वर्तमानपत्र पसरून हिमानीनं अख्खा देश मांडला आणि हात झटकले.

"हं आजी, आता पाह्य. हे कोलंबो. चेन्नईपर्यंत आपली रेल्वे, मग एवढंसंच विमान, आणि पुढं पूर्ण लंका गाडीनं. बस नाही, टॅक्सी नाही. हे वर गेलो की अनुराधापूर, तिथं बोधिवृक्ष. मग खाली येऊन गाडी बदलायची, की कँडी. कँडीहून डोंगरात. चहाचे मळे, बोगदे, धबधबे, सगळं खिडकीतून. आणि वापस येताना समुद्राच्या काठाकाठानं गॉल. लाट हाताला लागते म्हणतात."

"खिडकीतून हात काढू नये," प्रेमिला म्हणाली.

तिचे स्वतःचे हात थांबले नव्हते. अंगठ्याचं नख शिवणीत घालायचं, की शेंग आपसूक उघडते. पण नजर वर्तमानपत्रावर होती. कँडीच्या पुढं, डोंगराच्या लाइनीवर, दोन टपोऱ्या दाण्यांच्या मध्ये एक बारका दाणा होता. नातीनं सगळ्या दाण्यांची नावं घेतली, त्याचं घेतलं नाही.

"अन् हा काहाचा दाणा?"

"कुठला?"

"हा. मळ्याच्या अलीकडचा."

"तो... असाच पडला असेल."

"पडला त मंग उचल."

हिमानीनं उचलला नाही. सोफ्यावर बसलेले देवाजी, प्रेमिलेचे मोठे दीर, एकाएकी खोकले. स्वयंपाकघरातून सुनेची, मेघाची हाक आली, "हिमानी, इकडं ये जरा, कुकर पाह्य!" आणि कुकरची शिट्टी तर मघाच होऊन गेली होती.

मग जाऊबाई मधे पडल्या. गोपिकाबाई, देवाजींची बायको. त्या कुणाच्या मदतीला धावून जाण्यातल्या नव्हत्या, म्हणूनच प्रेमिलेनं मान वर करून पाहिलं.

"कंदेवत्ता म्हनतेत वं त्याले. लहानसं स्टेशन हाय. लई सुंदर म्हने. आपन घडीभर उतरू तिथी."

"काय हाय तिथी, बाई?"

"काय म्हनजे... थंड हवा हाय."

"नागपुरात पौषात थंडी कमी पडून राहिली का?"

हिमानीला हसू आलं, ते तिनं ओढणीत दाबलं. देवाजी पुन्हा खोकले. गोपिकाबाईंनी शाल घट्ट ओढली आणि लगेच म्हणाल्या, "अन् खालचा बर्थ तुलेच देऊ म्हटलं मी. खिडकीपन तुलेच." ज्या बाईनं गावी खाप्याला जाणाऱ्या बसमध्ये आयुष्यभर खिडकी सोडली नाही, ती परदेशातली खिडकी द्यायला निघाली होती.

प्रेमिला सोलत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. मनातही तसंच चाललं होतं.

लंकेचं नाव या घरात कुणी काढत नसे. तिचा लेक प्रेमानंद अजून रांगत होता, तेव्हा खाप्याच्या घरातून त्याचा बाप सुखदेव सांजवेळी विहारात जातो म्हणून गेला. "जेवाले येतो," म्हणाला. आला नाही. कुणी म्हणालं नदीत गेला. कन्हानच्या वाळूत देवाजींनी पाऊलखुणा शोधल्या. मग पुष्कळ महिन्यांनी एका फिरत्या भन्तेंकडून निरोप पोचला, सुखदेवनं चीवर घेतलंय, भिक्खू झालाय, तो लंकेत आहे, घरच्यांनी वाट पाहू नये. तेवढंच. त्यानंतर निरोप नाही, सांगावा नाही. प्रेमिला ना विधवा, ना सवाष्ण. जात्यावर बसली की ओठांत एक ओवी येई, तिनं स्वतःच जुळवलेली:

कन्हान माय नदी, हिचं पानी गं उताराले
गेल्या पावलाची खून, कोन इचारे वाळूले

तो गेला ते त्याचं त्यानं ठरवलं. प्रेमिलेनं माहेरी जायचं की सासरी राहायचं, हे देवाजींनी आणि तिच्या भावानं अंगणातल्या खाटेवर बसून ठरवलं. ती आत भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. आता चार घास कमी खाऊन, गुडघ्यांना तेल लावून ती आपल्या लेकाच्या फ्लॅटमध्ये सुखानं बसली होती, तर पुन्हा सगळे मिळून काहीतरी ठरवून बसले होते. फिरायला नेतो म्हणत होते. फिरायला की त्याच्यासमोर नेऊन उभं करायला? आणि उभं करून काय? की तो अंथरुणाला खिळलाय, आणि आता त्याला इथं आणून तिच्या पदरात टाकणार? गेला तेव्हा धम्म, आणि म्हातारपणी सेवेला प्रेमिला?

की तो राहिलाच नाही आणि हे तिला तिथल्या मातीवर फूल वाहायला नेताहेत?

तिनं टोपली उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

मेघा ओट्याशी होती. सासू आलेली पाहून तिनं हातातला मोबाइल पालथा ठेवला. चांगली पोर होती मेघा. खोटं बोलताना तिच्या मानेवर लाल चट्टा येई, एवढाच तिचा दोष.

"माय, तुमची साडी दाखवायची राहिली," ती घाईघाईनं म्हणाली आणि आतून पिशवी घेऊन आली. पांढरी साडी. किनार बारीक, निळी. कापड मऊ.

"पांढरी काहून?"

"अनुराधापूरला... बोधिवृक्षाजवळ पांढरंच घालतात ना."

"पांढऱ्या साड्या माह्याजवळ हायेत. विहारात काय मी रंगीत घालून जाते?"

"त्या जुन्या झाल्या, माय."

"त मंग तुह्याकरता कुठी हाय? गोपिकाबाईकरता? सगळ्याइलेच बोधिवृक्ष पाह्याचा हाय ना?"

मेघाच्या मानेवर चट्टा उमटला. तिनं साडीची घडी घातली, पुन्हा मोडली. "मी ह्यांना सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

"काय सांगतलं होतं?"

"काही नाही. मीठ पाहा ना भाजीत."

प्रेमिलेनं मीठ पाहिलं. मीठ बरोबर होतं.

इतक्यात दारातून गोपिकाबाईंचा आवाज आला, "मेघा, तुरीच्या दान्याची आमटी त होईलच. पन आज पातोडी केली असती त मजा आली असती." आणि मग, जशी गरम तव्यावर बोटं टेकली, तशा त्या गप्प झाल्या. मेघानं गॅस उगाच मोठा केला.

पातोडी या घरात प्रेमिलेच्या हातची होत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यामागचं कारण ठाऊक असलेल्या आता गोपिकाबाई एकट्याच होत्या. सुखदेव गेला त्या सांजेला प्रेमिलेनं पातोडी केली होती. बेसन घोटून, थापून, वर खोबरं-खसखस पेरून, वड्या कापून. रस्सा तिखट, वर तेलाचा तवंग. ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी उघडलं तेव्हा रस्सा पातोड्यांनी पिऊन टाकला होता. ताटात नुसत्या फुगलेल्या वड्या. गोपिकाबाई म्हणाल्या होत्या, गाईले टाक. प्रेमिलेनं ते ताट स्वतः नदीवर नेऊन घासलं होतं.

ती परत हॉलकडे निघाली तेव्हा देवाजींच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती थबकली.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. देवाजी खाटेचा कठडा धरून गुडघ्यावर बसायचा प्रयत्न करत होते. एक गुडघा टेकला. दुसरा टेकताना तोंडातून कण्हणं निघालं. मग कोपरं. मग कपाळ फरशीला लावायला गेले आणि तोल जाऊन कुशीवर कलले. उठले. पुन्हा तेच. हिंगण्याच्या कारखान्यात पोलादाशी झगडून निवृत्त झालेला माणूस, गुडघे गेल्यापासून विहारातही खुर्चीवर बसून नुसते हात जोडायचा. भन्तेच म्हणाले होते, उपासक, बसूनच वंदन करा. मग आता हा पंचांग प्रणाम कुणासाठी गिरवणं चाललं होतं?

प्रेमिला भिंतीला टेकली. तिला एकदम कळलं.

चीवरापुढं वय नसतं. थोरल्यानं धाकट्यापुढं वाकायचं असतं. ज्याला खांद्यावर बसवून कन्हान पार केली, ज्याच्या शाळेसाठी स्वतः माग सोडून कारखान्यात गेले, त्या भावाच्या पायाशी कपाळ टेकायला देवाजी शिकत होते.

म्हणजे तो होता. जिवंत होता. आणि त्या बारक्या दाण्यावर होता.

जेवणं झाली. प्रेमानंदनं मुखवास तोंडात टाकला आणि लॅपटॉप हिमानीकडे सरकवला. "चला, बुकिंग आज उरकून टाकू. उद्यापासून माझी पहाटची शिफ्ट हाय, कंपनीची बस पकडता पकडता आठवडा जाते. डोंगराच्या गाडीतल्या सीटा भरून राहिल्या म्हणे."

"हाव, करून टाक," देवाजी म्हणाले. ते खुर्चीत बसले होते. पायजम्याच्या गुडघ्यावर फरशीची धूळ होती.

"मी येत नाही," प्रेमिला म्हणाली.

हॉलमध्ये पंखासुद्धा चालू नव्हता, तरी कागद हलावेत तसे सगळे हलले.

"काहून वं?" गोपिकाबाई.

"गुडघे दुखतेत."

"माह्ये दुखत नाही का? मी चाललीच ना!"

"तुमी चालल्या कारन तुमाले सांगतलं कुठी चालल्या ते."

प्रेमानंदनं आईकडे पाहिलं नाही. "माय, पाह्य, हे असं नको करू. सगळ्याइनं मिळून ठरवलं—"

"सगळे म्हनजे कोन रे?"

"म्हणजे... आपन."

"मी त नव्हती."

"अगं, सरप्राइज होतं, आजी!" हिमानी देवाजींकडे पाहत जवळजवळ रडकुंडीला आली. "बाबा, मी म्हटलं होतं ना सांगून टाकू! मोठे आबाच म्हणाले की—"

"तुले गप बसता येते का नाही!" प्रेमानंद ओरडला. मेघा पुढं झाली. "पोरीवर काहून ओरडता? तिनं एकटीनं केलं का? तुम्ही सगळ्यांनी तिच्या हातून करून घेतलं." गोपिकाबाई म्हणाल्या, "हे पाहा, सुनेले वाचा फुटली." देवाजी म्हणाले, "अरे, आवाज कमी करा, शेजारी लोक हायेत." आणि सकाळपासून एका बाजूला बसलेलं अख्खं घर असं तुकड्यातुकड्यांनी एकमेकांकडे तोंड करून बसलं.

प्रेमिला खाली वर्तमानपत्राशी बसली. शेंगा आता जराशा सुकल्या होत्या. चौकोनातलं ऊन लंकेवरून सरकून कोलंबोच्या पलीकडे गेलं होतं.

"हिमानी," ती म्हणाली, "कँडीहून निघालेली ही गाडी या दाण्यावर कवा पोचते?"

हिमानीनं नाक ओढलं. स्क्रीनकडे पाहिलं. "दुपारी. दोन वाजून जातात. मोठ्या खिडक्यांची गाडी आहे ना, तीच घेतली आपण."

"मंग तोवर त्याचं जेवन होऊन जाईन."

मेघाच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तिनं टेबलावर ठेवला नाही.

"भन्ते लोक बाराच्या नंतर जेवत नाही," प्रेमिला सांगत होती, जणू पाहुण्यांच्या पंगतीचं बोलणं चाललंय. "इतकी वर्षं आपन विहारात भोजनदान देऊन राहिलो. पावसाळ्यातल्या वर्षावासात तिथी मीच असते ना वाढाले? अन् तुमाले एकालेबी आठवलं नाही? दोन वाजता गेले अन् नुसतं तोंड पाहून आले. मंग जाता कायले?"

देवाजींनी डोळ्यांवर हात ठेवला.

"तुले कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचे गुडघे पाह्यले तवा, मोठे भाऊजी."

मग ते बोलले, थांबत थांबत. आपल्याकडची काही माणसं तीर्थाला गेली होती. त्या डोंगरातल्या विहारात पाणी मागायला थांबली. आपसात बोलत होती, तर झाडायला वाकलेले एक म्हातारे भन्ते झाडू थांबवून म्हणाले, खाप्याकडचे का तुमी? त्यातल्या एकानं त्यांचं बोलणं मोबाइलमध्ये घेतलं. ते फिरत फिरत देवाजींपर्यंत आलं. "चेहरा नाही ओळखला मी," देवाजी म्हणाले. "कानाच्या मागं हात नेते ना तो बोलता बोलता, तसाच नेला."

"तब्येत?"

"काठी घेऊन चालते."

"त्याले मालूम हाय, आपन येऊन राहिलो ते?"

"नाही."

"तुमी त्याले इकडं आनाले चालले का?"

"भन्तेले कोनी आनते का वं! मले फक्त..." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "माह्यं वय झालं, प्रेमिला. तुले सांगतलं असतं त तू नाही म्हटली असती. अन् तू नाही म्हटली असती त मी कोन्या तोंडानं गेलो असतो?"

इतक्या वर्षांत या माणसानं तिच्यापुढं मान खाली घातलेली तिनं पाहिली नव्हती. तिला दयाही आली आणि रागही आला.

"व्हिडिओ दाखवू, आजी?" हिमानीनं हळूच विचारलं.

"नको. मोबाइलमधी नको."

मग तिनं बोटानं तो बारका दाणा उचलला. सगळ्यांना वाटलं, टाकणार. ती तो तळहातावर घेऊन बसली. कोवळा दाणा, त्याच्यावर अजून सालीचा ओलसरपणा.

"बाराच्या आत पोचनारी गाडी पाह्य," ती हिमानीला म्हणाली.

"त्या वेळेला फक्त साधी गाडी आहे, आजी. पहाटे निघते, सगळीकडे थांबते. मोठ्या खिडक्या नाहीत, बाकं लाकडाची. अन् त्यापेक्षा आदल्या दिवशी जाऊन मुक्कामच केला तर? सकाळी तिथंच असू."

"हाव. तसं कर. चूलबी लागन मले. वेळ लागते त्याले."

"काहाले?" गोपिकाबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"बेसन इथूनच घेऊ," प्रेमिला म्हणाली. "खसखस नेऊ देत नसतीन विमानात, त खोबऱ्यावर भागवू. तिकडं खोबरं त लई राहते. अन् एक गोष्ट सांगून ठेवते, मोठे भाऊजी. मी वाढीन. पात्रात पडन ते त्याले खावंच लागन, नको म्हनता येत नाही, चांगलं झालं म्हनता येत नाही. तो खाईन तवरक मी समोर उभी राहीन. पन मी वाकनार नाही. चीवराले माह्या मनातून वंदन हाय, ते मी इथी तसबिरीपुढं करून जाईन. तिथी नाही."

"लोक काय म्हनतीन तिथले?" गोपिकाबाई पदराआडून म्हणाल्या.

"त्याइले मराठी येत नाही."

हिमानी फस्सकन हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. देवाजींनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मेघानं अखेर पेला खाली ठेवला, पिशवीतली पांढरी साडी काढली आणि सासूच्या मांडीजवळ ठेवली. प्रेमिलेनं ती बाजूला सारली नाही.

फक्त प्रेमानंद खिडकीशी उभा राहिला होता. खाली कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिकडे तो पाहत होता. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवण्याजोगा तो मोठाच नव्हता तेव्हा. टक्कल पडू लागलेलं त्याचं डोकं मागून पाहताना प्रेमिलेला कसंतरी झालं.

तो आला आणि तिच्याजवळ मांडी घालून बसला. उरलेली एक शेंग उचलली. नखानं उघडायला गेला, तर दाणे घरंगळून लंकेबाहेर गेले.

"माय," तो म्हणाला, "अन् मी? मी वाकू का नको?"

देवाजी काही सांगायला पुढं झुकले. गोपिकाबाईंनीही तोंड उघडलं. प्रेमिलेनं हात वर केला, आणि ते दोघंही थांबले.

"तुले काय वाटते?" तिनं विचारलं.

"मले माहीत नाही."

"मंग तिथी गेल्यावर ठरव. नाही ठरलं त नुसता माह्या बाजूले उभा राह्य. वाढाले एक हात लागतेच."

प्रेमानंदनं घरंगळलेले दाणे एकेक करून वेचले आणि आईच्या ओंजळीत टाकले. तिनं त्यातून तो बारका दाणा बोटांनी ओळखला, बाजूला काढला आणि परत लाइनीवर ठेवला, दोन मोठ्या स्टेशनांच्या मध्ये. जागा किंचित चुकली होती. तिनं तो नखानं सरकवून नीट केला, आणि हिमानीला म्हणाली, "कर आता बुकिंग. खिडकी गोपिकाबाईले दे."